यीशिंगची मातीची चहादाणी घेताना: अस्सल कशी ओळखायची, सुरक्षित कशी ठरवायची

उलाँग किंवा पू-अर चहाची गोडी लागली की चीनमधल्या यीशिंग शहराच्या छोट्या तपकिरी मातीच्या चहादाणीचा मोह होतोच. मग शोधाशोध सुरू होते आणि डोकं फिरायची वेळ येते. आठशे रुपयांची ‘शंभर टक्के अस्सल यीशिंग’ आणि अगदी तशीच दिसणारी चाळीस हजारांची, दोन्ही एकाच पानावर. कुणी म्हणतं स्वस्त मातीत शिसं असतं, कुणी म्हणतं वर पाण्याचा थेंब टाका की लगेच कळतं. मी या सगळ्यातून गेलो आहे. पहिलीच चहादाणी घेणाऱ्याला निदान कुठे बघायचं आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं हे कळावं म्हणून हा लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घरच्या तपासणीत नकली माल बऱ्याचदा पकडता येतो. अस्सल माल ‘अस्सल’ म्हणून सिद्ध मात्र करता येत नाही. जो कुणी एका युक्तीत अस्सलपणा दाखवून देतो, तो बहुतेक वेळा विक्रेता असतो.

## आधी हे जवळ ठेवा

साधनं:
- दहापट मोठं दाखवणारं भिंग (घड्याळजी वापरतात तसलं चालेल)
- बारीक झोताचा टॉर्च. मोबाईलचा चालतो, पण तो चहादाणीच्या तोंडातून आत नीट जात नाही
- पांढरं सुती फडकं
- उकळतं पाणी आणि एक खोलगट भांडं


कागद:
- विक्रेत्याने लेखी दिलेलं वर्णन: माती कोणती, कशी घडवली, किती मिलिलिटरची
- पक्कं बिल आणि परत घेण्याच्या अटी
- दिवसाउजेडी काढलेले फोटो: बाहेरून, आतून, बुडाचा, झाकणाच्या आतल्या बाजूचा
- सुरक्षिततेचा दावा असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल, पूर्ण, सगळ्या पानांसकट

## १. दोन प्रश्न वेगळे करा

‘ही खरी आहे का?’ आणि ‘हिच्यातून चहा पिणं सुरक्षित आहे का?’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. लोक ते एकत्र करतात आणि दोन्हीकडे फसतात.

साच्यात ओतून केलेली, यीशिंगच्या बाहेरच्या मातीची चहादाणी नीट भाजलेली असेल तर वापरायला बिनधोक असू शकते. ती यीशिंगची म्हणून चढ्या भावाने विकली तर ती फसवणूक, विष नव्हे. उलट बाजूने, यीशिंग शहरातच बनली आहे म्हणून मातीत काही मिसळलेलं नसेल, याची खात्री नाही. २०१० च्या मे महिन्यात चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने गुणवत्तेवरच्या आपल्या साप्ताहिक कार्यक्रमात नेमकं हेच दाखवलं. साध्या मातीत आयर्न ऑक्साईड, मँगनीज डायॉक्साईड, कोबाल्ट ऑक्साईड, क्रोमियम ऑक्साईड असे रंग घालून ‘नैसर्गिक झीशा’ (यीशिंगची खास माती) म्हणून माल विकला जात होता. तोही यीशिंगमधूनच. आज इंटरनेटवर जी भीती फिरते तिचं मूळ बऱ्याच अंशी त्या कार्यक्रमात आहे.

## २. मातीची तोंडओळख करून घ्या

यीशिंग हे चीनच्या जिआंगसू प्रांतात, ताई सरोवराच्या पश्चिमेला वसलेलं शहर. चहादाण्यांचं खरं गाव मात्र शहराच्या दक्षिणेला असलेलं दिंगशू. तिथल्या हुआंगलोंग डोंगराच्या खाणीतून निघणाऱ्या मातीला झीशा म्हणतात. ती मऊ चिकणमातीसारखी हाताला लागत नाही. खाणीतून दगडच निघतो. तो उघड्यावर ऊन-पावसात फुटू देतात, मग दळतात, चाळतात, पाणी घालून मळतात आणि मुरवत ठेवतात. त्यात क्वार्ट्झ, केओलिनाइट, अभ्रक आणि लोह असतं. भाजणी साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला होते. झिलई नसते, म्हणजे काचेसारखा थर आत-बाहेर कुठेच नाही. ही गोष्ट सुरक्षिततेच्या मुद्द्यावर पुन्हा कामाला येईल.

नवख्याला एवढे प्रकार माहीत असले तरी पुरे:

- झीनी: जांभळट तपकिरी. सर्वांत जास्त हीच मिळते.
- होंगनी: विटकरी लाल.
- झूनी: केशरीकडे झुकणारा लाल. भाजताना फार आकसते, त्यामुळे चहादाण्या सहसा लहान असतात आणि अंगावर बारीक सुरकुत्या दिसतात.
- दुआननी: वाळूसारखा पिवळट.
- ल्यूनी: कच्ची माती हिरवट, भाजल्यावर फिकट पिवळी. बहुतेक वेळा हलका थर देण्यासाठी किंवा मिश्रणात वापरतात.

शेवटच्या ओळीवर जरा थांबा. ‘नैसर्गिक हिरवी ल्यूनी’ म्हणून पोपटी किंवा गर्द हिरवी चहादाणी दाखवली तर तिथेच संवाद संपवायला हरकत नाही. निळा रंग आला की कोबाल्ट आला. काळ्याचं मात्र जरा वेगळं आहे. तो मँगनीज घालूनही आणतात आणि भट्टीत हवा कोंडून पुन्हा भाजूनही आणतात. दुसरी पद्धत जुनी आणि निर्धोक आहे. म्हणून काळी दिसली की लगेच नाक मुरडू नका. कशी केली ते विचारा.

हुआंगलोंग डोंगरातलं खाणकाम २००५ च्या सुमारास बंद झालं. त्यावरून दोन टोकाच्या गोष्टी ऐकू येतात. एक, ‘आता खरी माती उरलीच नाही’. दुसरी, ‘आमच्याकडे १९७० च्या दशकातली शेवटची माती आहे’. अनेक कारागिरांनी आणि कारखान्यांनी साठा करून ठेवला होता, हे खरं. शेजारच्या चेचियांग प्रांतातल्या चांगशिंग भागातली माती सर्रास वापरली जाते, हेही तितकंच खरं. देवगडच्या नावाच्या पेटीत कुठकुठचा आंबा भरलेला असतो हे आपल्याला सांगायला नको. इथेही डोंगराच्या नावाचे पैसे लावले जातात. भाजून झालेल्या चहादाणीकडे बघून ती कोणत्या खाणीतली, कोणत्या दशकातली, हे छातीठोक सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

आणि यीशिंगची नाही म्हणजे नकली, असंही नाही. ग्वांगडोंग प्रांतातल्या चाओचौच्या लाल चहादाण्या चाकावर घडवतात. युन्नानमधल्या जिआनश्वीच्या भाजल्यानंतर घासून चकचकीत करतात. ग्वांगशीमधलं नीशिंग हीदेखील स्वतःच्या नावावर उभी असलेली परंपरा. पहिल्या खरेदीसाठी मी उलट चाओचौच सुचवेन. किंमत आवाक्यात असते, आणि नाव कमी मोठं असल्याने नक्कल करण्यात फारसा फायदाही नसतो.

## ३. कशी घडवली आहे ते बघा

किंमत ठरते ती मातीइतकीच घडवण्याच्या पद्धतीवरून. पद्धती साधारण चार.

पूर्ण हातघडणीत कारागीर मातीची पट्टी थापून तिचं वर्तुळ करतो, लाकडी फळीने हळूहळू थोपटत त्याला पोट देतो, मग तळ, तोटी, कान आणि झाकण जोडतो. यीशिंगची गोल चहादाणी परंपरेने चाकावर होत नाही. चौकोनी आकार पाट्या जोडून करतात. अर्ध्या हातघडणीत हीच पट्टी प्लास्टरच्या साच्यात दाबून आकार पक्का करतात. यात कमीपणा काहीच नाही. रोजच्या वापराच्या बहुतेक चांगल्या चहादाण्या अशाच असतात. तिसऱ्या प्रकारात यंत्रावरच्या फिरत्या साच्यात पोट तयार होतं. चौथ्यात पातळ केलेली माती प्लास्टरच्या साच्यात ओततात. ओतण्यासाठी माती पातळ राहावी म्हणून सोडियम सिलिकेट घालतात. झीशाचा कणदार पोत त्यात हरवतो.

आता टॉर्च घ्या आणि आत बघा. पट्टीच्या चहादाणीत, बाहेरून जिथे कान जोडलेला असतो त्याच्या मागे, आतल्या भिंतीवर उभा सांधा दिसतो. कधी बोट फिरवल्यावर जाणवतो इतकाच. तोटीच्या मुळाशी आतून माती बोटाने किंवा अवजाराने दाबल्याच्या खुणा असतात, भोकांच्या कडा अगदी एकसारख्या नसतात. ओतीव चहादाणीत आतली भिंत बाहेरच्या आकाराचं प्रतिबिंब असते. बाहेर फुगवटा तिथे आत खळगा. कान आणि तोटीच्या मधोमध साच्याची बारीक रेघ सापडू शकते, आणि आतला पृष्ठभाग एखाद्या प्लास्टिकच्या डब्यासारखा सपाट, निर्जीव वाटतो.

मात्र सापळा इथेच आहे. आतला सांधा आणि तळाशी मधून बाहेर जाणाऱ्या रेघा ‘हातघडणीचा पुरावा’ म्हणून ऑनलाइन इतक्या गाजल्या, की आता साच्यातल्या मालावरही त्या मुद्दाम ओढतात. म्हणून नियम असा धरा: ओतीवपणाच्या खुणा दिसल्या तर ती ओतीव आहे. हातघडणीच्या खुणा दिसल्या तर फक्त ‘असू शकेल’.

## ४. पैसे देण्याआधी हे विचारा

विक्रेत्याला लेखी विचारा, फोनवर नको:

1. माती कोणती? मिश्रण असेल तर कशाचं?
2. पूर्ण हातघडणीची, अर्धी, यंत्राची की ओतीव?
3. मातीत रंगासाठी काही ऑक्साईड घातलं आहे का?
4. कारागिराचं नाव आणि दर्जा काय? स्वतः केली की कार्यशाळेत झाली?
5. शिसं, कॅडमियमची चाचणी झाली असल्यास अहवाल मिळेल का?
6. घरी येऊन तपासल्यावर परत करता येईल का?

चांगला विक्रेता ‘अर्धी हातघडणीची आहे, मिश्र झीनी आहे, कारागीर फार नावाजलेला नाही’ असं सरळ सांगतो. मला असं उत्तर प्रमाणपत्राहून जास्त मोलाचं वाटतं. उलट दोनशे मिलिलिटरची ‘शुद्ध झूनी, पूर्ण हातघडणीची, मास्टरची’ दीड हजारांत, हे गणितच बसत नाही. पूर्ण हातघडणीला कुशल कारागिराचे दिवसच्या दिवस जातात. तेवढी मजुरी, आकसताना फुटणाऱ्या चहादाण्या, वाहतूक, आणि भारतात मागवायची तर कस्टम ड्युटी आणि जीएसटी. हे सगळं त्या दीड हजारांत बसवून बघा.

फोटोंवरून रंग ठरवू नका. चिनी दुकानांचे व्हिडिओ पिवळ्या दिव्याखाली आणि फिल्टर लावून केलेले असतात. पाण्याने भिजलेली चहादाणी दाखवणं ही तर नेहमीचीच क्लृप्ती. ओली माती कोणतीही असो, सुंदर दिसते.

## ५. हातात आल्यावर: डोळे, नाक, गरम पाणी

खोक्यातून काढल्यावर लगेच धुऊ नका. आधी झाकण उघडून आतला वास घ्या. नव्या चहादाणीला किंचित मातीचा, भट्टीच्या धुळीचा वास असतो. बुटाच्या पॉलिशचा, रॉकेलचा, मेणाचा किंवा उग्र अत्तराचा वास आला तर वरून काहीतरी चोपडलेलं आहे.

मग पांढरं फडकं किंचित ओलं करून बुडावर आणि कानाखाली जोरात घासा. थोडी धूळ येईल, ती बघून घाबरू नका. तीन-चार वेळा पुसल्यावरही तपकिरी किंवा लाल डाग येत राहिला तर रंग वरचा आहे.

भिंगाखाली दिवसाच्या उजेडात अंग बघा. चांगल्या झीशात वेगवेगळ्या आकाराचे आणि किंचित वेगवेगळ्या रंगछटांचे कण दिसतात. मधूनच अभ्रकाची चमक, कुठे लोहाचा काळा ठिपका वितळून बसलेला. रंगवलेली माती साधारणपणे एकजीव, एकरंगी, कणांवाचून दिसते. पण इथेही सावध. झूनी मुळातच बारीक असते, आणि बारीक चाळणीची माती घेणारे कारागीरही असतात. उलट दुआननीवर काळसर डाग उमटतात ते बहुधा भाजणी कमी झाल्याने. तो दोष आहे, पण भेसळ नाही.

आता गरम पाणी. चहादाणी खोलगट भांड्यात ठेवा, आधी कोमट पाण्याने फिरवून घ्या, म्हणजे तडकणार नाही. मग उकळतं पाणी आत भरा आणि वरूनही ओता. वाफेबरोबर येणारा वास पुन्हा घ्या. थंड असताना लपलेलं पॉलिश इथे बोलतं. बाहेरून ओतलेलं पाणी बघत राहा. स्वच्छ झीशावर पाणी पातळ थराने पसरतं आणि गरम अंगावरून हळूहळू, सगळीकडे सारखंच सुकतं. मेण किंवा तेल चोपडलेलं असेल तर पाणी थेंबाथेंबाने गोळा होऊन घसरतं. दहा मिनिटांनी आतलं पाणी पांढऱ्या कपात ओतून रंग बघा. पहिलं पाणी गढूळ आलं तरी चालेल. तिसऱ्या-चौथ्या खेपेलाही रंगीत येत असेल तर ती परत करा.

पाण्याचा थेंब टाकून तो शोषला जातो का, ही ‘चाचणी’ मी मुद्दाम बाजूला ठेवतो आहे. कमी भाजलेलं कोणतंही खापर पाणी झटकन पितं आणि उंच तापमानाला भाजलेली उत्तम झूनी ते जवळपास पीत नाही. झाकणाने कानावर हलकेच टिचकी मारून आवाज ऐकण्याचंही तसंच. टणक, स्वच्छ नाद भाजणी पुरेशी झाली एवढंच सांगतो, माती कुठली हे नाही. भाजणी कळणं सुरक्षिततेच्या दृष्टीने मात्र उपयोगाचं आहे. कमी भाजलेल्या मातीत मिसळलेले पदार्थ नीट बांधले जात नाहीत. आवाज बद्द, बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी, आणि चहा भरल्यावर बाहेरून ओल फुटते, असं तिन्ही दिसलं तर ती चहासाठी वापरू नका.

झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं की धार थांबते, तोटी-कान-झाकण एका रेषेत आहे, उपडी ठेवली की तोटीचं टोक, तोंड आणि कान सारख्या उंचीला येतात: हे सगळं कारागिरीचं मोजमाप आहे. यंत्र हे सगळं सहज जमवतं. अस्सलपणाशी त्याचा संबंध जोडू नका.

## ६. शिक्के आणि प्रमाणपत्रं: सर्वांत मोठा सापळा

बुडावर, झाकणाच्या आत, कधी कानाखाली कारागिराचा शिक्का असतो. शिक्का बनवून घेणं हे चीनमध्ये कुठल्याही गल्लीत होणारं काम आहे. ‘मंगचन’ या नावाचा शिक्का हे उत्तम उदाहरण. हुई मंगचन हा चीनच्या मिंग राजवटीच्या अखेरचा, म्हणजे सतराव्या शतकातला कारागीर. त्याच्या नावाचे शिक्के नंतरच्या शतकांत छोट्या चहादाण्यांवर इतके वापरले गेले की तो एक प्रकारचा आकाराचा छापच झाला. तो दिसला म्हणून आनंदू नका आणि फसवलं म्हणून चिडूही नका.

‘चुंगकुओ यीशिंग’, म्हणजे ‘चीन, यीशिंग’ हा चार अक्षरांचा शिक्का सरकारी कारखान्याच्या मालाशी जोडला जातो. १९५८ मध्ये उभा राहिलेला ‘यीशिंग झीशा कारखाना’ पुढे ‘फॅक्टरी वन’ म्हणून ओळखला गेला. त्याच्या जुन्या मालाला संग्राहकांत मागणी आहे, म्हणून त्याचीही नक्कल होते. स्वस्त, साध्या मालाची कोण कशाला नक्कल करेल, असं वाटतं ना? करतात. भाव वाढला की सगळ्याची होते.

कारागिरांना सरकारी दर्जे असतात: साहाय्यक कारागीर, कारागीर, वरिष्ठ कारागीर, प्रांतीय मास्टर आणि सर्वांत वर राष्ट्रीय मास्टर. दर्जा वाढला की किंमत अनेक पटींनी वाढते. गू जिंगचौ (१९१५–१९९६) हे आधुनिक काळातलं सर्वांत मोठं नाव. त्यांची एक चहादाणी २०१० मध्ये बीजिंगच्या लिलावात १ कोटी २३ लाख युआनच्या वर गेली. पैशाचं हे आकर्षण एवढं मोठं आहे, की दुसऱ्याने घडवलेल्या चहादाणीवर नावाजलेल्या कारागिराने फक्त शिक्का मारायचा, हा प्रकार तिथे उघड गुपित आहे. अशा वेळी शिक्काही खरा असतो, प्रमाणपत्रही खरं असतं, चहादाणी तेवढी त्याची नसते. कारागीर चहादाणी हातात घेऊन उभा आहे असा फोटो पाकिटात येतो, तो याहून जास्त काही सिद्ध करत नाही.

नवख्याने यातून काढायचा अर्थ सोपा आहे: नावाचे पैसे देऊ नका. आकार, माती, धार, हाताला बसणं, याचे पैसे द्या. नाव असलं तर ते फुकट मिळालं असं समजा.

## ७. ‘जुनी’ म्हणून विकत असतील तर

शांघाय, हाँगकाँग, सिंगापूरला कामानिमित्त जाणारे मराठी लोक आता कमी नाहीत. तिथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘चिंग राजवटीची’, म्हणजे निदान शंभर वर्षांपूर्वीची, चहादाणी हातात पडणार, हे नक्की. दोन गोष्टी बघा.

पहिली, आतली गाळणी. तोटीच्या मुळाशी गोलाकार, चेंडूच्या अर्ध्या तुकड्यासारखी फुगलेली जाळी असेल तर ती चहादाणी १९७० च्या दशकाआधीची असण्याची शक्यता फारच कमी. जुन्यांत बहुतेक वेळा एकच भोक असतं.

दुसरी, कायदा. चीनमध्ये १९११ पूर्वीच्या पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे, त्यानंतरच्या काही वस्तूंनाही परवानगी लागते. दुकानदार हसत हसत ‘दोनशे वर्षं जुनी’ चहादाणी वर्तमानपत्रात गुंडाळून तुमच्या बॅगेसाठी देत असेल, तर एक तर ती तशी नाही किंवा तुम्ही विमानतळावर अडचणीत येणार आहात. बहुधा पहिलंच.

जुनेपणा आणण्यासाठी बुटाचं पॉलिश, चहाचा घट्ट काढा, आम्ल, माती चोळणं असे सगळे उद्योग होतात. खऱ्या वापराची झळाळी जिथे हात लागतो तिथे जास्त आणि कानाच्या खाचेत, तोटीच्या मुळाशी कमी असते. खोट्यात खाचांतच काळा थर जास्त साचलेला दिसतो.

## ८. सुरक्षिततेचा खरा निकाल: प्रयोगशाळा

सिरॅमिक भांड्यांतलं शिसं आणि कॅडमियम मुख्यतः झिलईतून आणि वरच्या रंगकामातून येतं. झीशाला झिलई नसते, त्यामुळे हा धोका मुळातच कमी. चहादाणीच्या आत झिलई असेल, बाहेर चकचकीत रंगीत नक्षी असेल, तर हा हिशोब बदलतो, मग ती यीशिंगची असो की आणखी कुठली.

रंगासाठी घातलेल्या धातूंबद्दल माझं मत असं: लोहाचं ऑक्साईड तर मातीला मुळातच लाल करतं, त्याला घाबरण्याचं कारण नाही. थोडा कोबाल्ट आणि मँगनीज यीशिंगमध्ये फार आधीपासून वापरतात आणि नीट भाजल्यावर तो बराचसा बांधला जातो. प्रश्न येतो तो स्वस्त, कमी भाजलेल्या आणि भडक रंगाच्या मालाचा. त्यात काय आणि किती घातलं हे बनवणाराही सांगणार नाही.

चाचणीचा ठरलेला मार्ग असा. भांड्यात ४ टक्के ॲसिटिक ॲसिड भरून खोलीच्या तापमानाला २४ तास ठेवतात आणि त्या द्रावात किती धातू उतरला ते मोजतात. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेची १.१ लिटरहून लहान खोलगट भांड्यांसाठी शिशाची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम, तर कप आणि मगसाठी ०.५ मिलिग्रॅम आहे. युरोपीय संघाच्या १९८४ च्या निर्देशात भरता येणाऱ्या भांड्यांसाठी शिसं ४ आणि कॅडमियम ०.३ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. यातला फरक लक्षात ठेवा, कारण ‘चाचणी पास’ म्हणणारा विक्रेता कोणती मर्यादा धरतो ते सांगत नाही. मी स्वतः कपाची, म्हणजे सर्वांत कडक मर्यादा धरतो. शिशाची सुरक्षित पातळी म्हणून काही नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाच सांगते.

अहवाल बघताना:
- चाचणी ‘किती धातू द्रावात उतरला’ याची आहे की ‘मातीत एकूण किती आहे’ याची? क्ष-किरण बंदुकीने घेतलेलं माप दुसऱ्या प्रकारचं असतं. ते वाचून घाबरूही नये, निश्चिंतही होऊ नये.
- नमुन्याचा फोटो अहवालात आहे का, आणि तो तुमच्याच मालाचा आहे का?
- फक्त शिसं-कॅडमियम तपासलं आहे की मँगनीज, कोबाल्ट, क्रोमियम, बेरियमही? नेहमीच्या चाचणीत हे चार येत नाहीत, आणि रंगवलेल्या झीशाच्या बाबतीत शंका नेमकी यांचीच असते.

भारतात एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या अन्न आणि सिरॅमिक तपासणाऱ्या प्रयोगशाळा मुंबई-पुण्यातही आहेत. पण एकच चहादाणी असेल तर मी पाठवणार नाही. सच्छिद्र माती दिवसभर ॲसिड पिऊन आल्यावर त्यात चहा करावासा वाटत नाही, आणि चाचणीचा खर्च स्वस्त चहादाणीच्या किमतीला सहज मागे टाकतो. चार-पाच जण मिळून एकाच विक्रेत्याकडून घेत असाल तर एक जास्तीची घेऊन तिची चाचणी करणं परवडतं.

बाजारात मिळणाऱ्या, घासून रंग बदलणाऱ्या शिशाच्या कांड्यांवर भरवसा ठेवू नका. त्या रंगकामासाठी आहेत. त्यांनी ‘नाही’ म्हटलं म्हणजे गरम चहात काही उतरणार नाही, असं होत नाही. घरी व्हिनेगर भरून ठेवण्याचंही तेच: सुटा रंग दिसेल, शिसं दिसणार नाही.

## ९. पहिल्यांदा वापरण्याआधी

सगळं पार पडलं की चहादाणी साध्या पाण्याने धुवा. साबण नको, सच्छिद्र माती तो धरून ठेवते. झाकण वेगळं काढून दोन्ही थंड पाण्यात बुडवा, भांड्याच्या तळाशी फडकं घाला, मंद आचेवर गरम करा आणि अर्धा तास हलकं उकळू द्या. तसंच गार होऊ द्या. झालं. टोफू घालून उकळायचं, मग ऊस घालून उकळायचं, असे विधी व्हिडिओंत दिसतात. त्यांनी चहादाणीचं भलं होतं असं मला कधी जाणवलं नाही. ऊस खाऊन टाका.

आपला दुधाचा चहा यात करू नका. दूध आणि साखर छिद्रांत बसते, आंबते, आणि तो वास काही केल्या जात नाही. आलं-वेलचीचंही तसंच. वापरून झाल्यावर पाने काढून गरम पाण्याने खंगाळा आणि झाकण तिरकं ठेवून वाळू द्या. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तर झाकण लावून कपाटात ठेवलेल्या चहादाणीत आठवड्यात बुरशी दिसू शकते. दिसलीच तर घासून धुवा, दोन-तीन पाण्यांत उकळा आणि उन्हात वाळवा. वास राहिला तर पुन्हा.

## १०. संशय उरला तर

परत करायची मुदत संपली आणि वास किंवा रंग अजून येतो आहे, अशी वेळ आली तर तिच्यातून चहा पिणं थांबवा, आणि ‘दोन-चार वेळा वापरली की जाईल’ या विक्रेत्याच्या उत्तरावर विसंबू नका. बिल, लेखी वर्णन आणि फडक्यावरच्या डागाचा फोटो असेल तर कार्ड कंपनीकडे किंवा विक्री मंचाकडे ‘वर्णनाप्रमाणे माल नाही’ अशी तक्रार टिकते. ‘नकली आहे’ असं लिहू नका. ते तुम्हाला सिद्ध करावं लागेल आणि इथेच बहुतेकांची तक्रार फेटाळली जाते. ‘झीनी सांगितली होती, पाण्यात रंग सुटतो’ असं लिहा. तोवर रोजचा चहा पांढऱ्या पोर्सेलीनच्या झाकणाच्या कपात करा, ज्याला चिनी लोक गायवान म्हणतात. तो स्वस्त आहे आणि त्याला वास धरत नाही. आतून साधा पांढरा, नक्षी नसलेला घ्या.